शनिवार पेठेतली तळमजल्याची खोली

रविवारी सकाळी वाघोलीहून पुण्याला जाणारी बस निम्मी रिकामी असते आणि खिडकीजवळची जागा मिळते. त्या दिवशी एवढ्यानेही मला बरं वाटलं.

गावाकडच्या मंडळींना वाटतं की मी पुण्यात राहतो. मीही तसंच सांगतो. खरं म्हणजे मी राहतो नगर रस्त्यावर वाघोलीला, एका नव्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. आजूबाजूला दगडाच्या खाणी, ज्वारीची उरलीसुरली शेतं आणि त्या शेतांतून वर आलेल्या तसल्याच इमारती. आमच्याकडचे बरेचसे फ्लॅट मालकांनी घेऊन नुसते कुलूप लावून ठेवले आहेत. संध्याकाळी खिडक्यांत दिवे लागतात ते थोडेच. आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं, तिघंही कॉम्प्युटर कंपन्यांतले, पण प्रत्येकाची पाळी वेगळी. एकाचं काम अमेरिकेत सकाळ झाली की सुरू होतं. त्यामुळे एकजण दार उघडतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यापासून मी कोणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. भाजीवाल्यालाही काय हवं ते बोटानेच दाखवलं होतं.

ही तक्रार नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेतल्या सरांनी मला घरी बसवून गणित शिकवलं, शिष्यवृत्तीवर कॉलेज झालं, आणि गार हवेच्या ऑफिसात बसून मी पगार घेतो. या सगळ्याचं मोल मला कळतं. पण भिंतीपलीकडे कोणी खोकलं तर ऐकू येईल अशा ठिकाणी राहावं, असं फार वाटू लागलं होतं.

म्हणून मी खोली बघायला निघालो होतो. ऑफिसातल्या मृणाल नावाच्या मुलीने सांगितलं होतं, "अरे, आमच्या मागच्या गल्लीत एक रूम आहे. शनिवार पेठेत, नदीजवळ. एकदम मस्त. पण ते काका जरा वियर्ड आहेत हं. सगळ्यांना काहीतरी एक क्वेश्चन विचारतात आणि रिजेक्ट करतात."

"कसला प्रश्न?"

"ते कोणी सांगतच नाही रे."

प्रश्न कुठला, हे मला माहीत आहे असं वाटलं. आम्ही बौद्ध. आमचं आडनाव साळवे. याआधी पेठांतल्या दोन घरी खोली बघायला गेलो होतो. दोन्ही ठिकाणी चहा झाला, आडनाव विचारून झालं, आणि मग "कळवतो हं" झालं. कळवलं कोणीच नाही. तरी पुन्हा निघालो, कारण दुसरा इलाज नव्हता.

बस येरवड्यावरून, बंडगार्डनचा पूल ओलांडून मनपापाशी थांबली. मनपा म्हणजे महानगरपालिका. बसचा थांबाही त्याच नावाने ओळखतात. तिथून नव्या पुलावरून पायी निघालो. हा पूल चांगला जुना, दगडी कमानींचा आहे, पण लोक त्याला नवा पूलच म्हणतात. खाली मुठा नदी. आपल्या गावाकडे नदी म्हटलं की कोरडी वाळू डोळ्यांसमोर येते. इथे पाणी होतं, पण काळं आणि बारीक, जलपर्णीखाली निम्मं झाकलेलं. कठड्याला टेकून मी बराच वेळ बघत राहिलो. इतक्या मोठ्या शहरात त्या पाण्याकडे बघणारा त्या वेळी मी एकटाच होतो.

काकांनी फोनवर सांगितलं होतं, "साडेचारला या. एक ते चार आम्ही झोपतो." तोवर कसबा पेठ बघायची ठरवली. पुणं इथून सुरू झालं असं म्हणतात. बोळ इतके अरुंद की समोरून सायकल आली तर एकाने पायरीवर चढावं. एकेका धंद्याची एकेक आळी: बुरडांची, कुंभारांची, तांबटांची. तांबट आळीत रविवार असूनही एक दुकान उघडं होतं. एक गृहस्थ तांब्याच्या बंबावर (अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं) हातोडीचे ठोके घालत बसले होते. एकाशेजारी एक ठोका पडे आणि तांबं चमकत जाई. मी दारात उभा राहिलो.

"काही घ्यायचंय?"

"नाही, बघतोय."

"बघा की. पण जरा बाजूला होऊन. उजेड अडवलात."

मी बाजूला झालो. त्यांनी पुन्हा मान वर केली नाही, पण मी असेपर्यंत हातोडी थांबली नाही, आणि मला ते सोबतीसारखं वाटलं.

जेवायला मिसळ घेतली. पुण्याची मिसळ आपल्याकडच्यापेक्षा गोडसर. तिखट हवं तर 'सॅम्पल' (पातळ तिखट रस्सा) मागायचं, हे शेजारच्या टेबलावर बघून शिकलो. बसल्या बसल्या मालकांना विचारलं, "पूर आला होता तो इथवर आला होता का?" त्यांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. "तुम्ही उभे राहिलात तरी बुडाला असतात." मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या या सगळ्या पेठा पाण्याखाली गेल्या. अजूनही वयस्क माणसं काळ मोजताना 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असंच बोलतात.

मृणालने सांगितलेली गल्ली ओंकारेश्वराच्या देवळाकडे उतरते. दामले काकांचं घर दुमजली, सिमेंटचं, पुरानंतर बांधलेलं. दार काकूंनी उघडलं. काका खुर्चीत सरळ बसले होते. सत्तरीचे, काटक, खांदे मात्र तरुण माणसासारखे रुंद. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले.

"वेळेवर आलात. बसा. पंखा हवा असेल तर बटण दारामागे आहे."

पंखा हवा होता, पण मी उठलो नाही.

"गाव?"

"परतूरजवळ. जालना जिल्हा."

"नोकरी कसली, ते मृणालने सांगितलंय. मला ते कळलेलं नाही, पण असू दे. खोली बघून घ्या."

खोली तळमजल्यावर. लोखंडी खाट, एक खिडकी, आणि खिडकीतून गल्लीतले आवाज: कुकरची शिट्टी, कोणीतरी कोणालातरी "अहो, किल्ली घेतलीत का?" म्हणणारं, शिकवणीच्या पेटीचा सा. मला ती खोली इतकी हवीशी झाली की परत काकांसमोर येताना ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून जपावं लागलं.

"तुम्ही काय खाता, कोण मित्र येतात, हे मी विचारत नाही," काका म्हणाले. "एकच विचारतो."

आडनाव सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"पोहता येतं का?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा परीक्षकाचा होता.

"नाही," मी म्हणालो.

"काय सांगता! खेड्यातले ना तुम्ही? खेड्यातली पोरं चालायला लागली की विहिरीत उड्या टाकतात."

इथे 'भीती वाटायची' म्हणून सुटता आलं असतं. पण ज्या माणसाच्या घरात राहायचं त्याच्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलावंसं वाटेना.

"टाकतात. पण आमच्या गावात ज्या विहिरीत पोरं पोहायची, तिच्यात आम्हाला उतरू देत नसत. आमची वस्ती वेगळी होती."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात आल्या होत्या, तिथेच थांबल्या.

"विहिरीला पाणी होतं?" काकांनी विचारलं.

"बारमाही."

"आणि तुम्ही?"

"लांबून बघायचो. जवळ गेलं की हाकलायचे."

"अजून तसंच आहे?"

"आता नळ आलाय. विहीर कोणीच वापरत नाही."

ते 'अरेरे' म्हणाले नाहीत. याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. त्यांनी काकूंना खुणेने बशा ठेवायला सांगितल्या आणि मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"पूर आला तेव्हा इथे आमचं जुनं घर होतं. खालच्या खोलीत एक विद्यार्थी भाडेकरू होता, कोकणातला. पाणी चढायला लागलं तसे आम्ही सगळे माडीवर गेलो. तोही आला. मग त्याला ट्रंक आठवली. कपडे, पुस्तकं, सगळं तिच्यात. 'आलोच' म्हणून खाली गेला. जिन्यावरून आम्ही बघत होतो. अंतर किती, तर या खुर्चीपासून त्या कपाटापर्यंत. गल्लीत सात पिढ्या नदीकाठी राहिलेले आम्ही, निम्मे पदवीधर. पोहता एकालाही येत नव्हतं. पंधरवड्याने त्याचे वडील आले. 'जवळ कोणी नव्हतं का?' म्हणून विचारलं त्यांनी."

काकू म्हणाल्या, "अहो, पोहे गार होताहेत त्यांचे."

"होऊ देत. तर, त्यानंतर मी शिकलो. अजून रोज पोहतो. आणि ज्याला येत नाही त्याला मी खालची खोली देत नाही."

"आता कुठे पूर येतोय?" मी म्हणालो.

"असं तोही म्हणाला होता."

 मी पोहे खाल्ले. वर ओलं खोबरं होतं, आणि घरचं खाऊन मला फार दिवस झाले होते.

"मग मी निघू?" मी विचारलं.

"निघा. शिका आणि या. टँक (पोहण्याचा तलाव) इथून चालत जाण्यासारखा आहे. तुमची अडचण मला समजली, पण त्यासाठी नियम बदलणार नाही. पाण्याला अडचण सांगता येत नाही."

"तोवर खोली दुसऱ्याला दिलीत तर?"

"ज्याला पोहता येतं असा कोणी आला तर देईन. तेव्हा लवकर शिका."

काकू फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "आधीच्या दोघांनाही असंच सांगितलं होतं. दोघंही रागावून गेले, परत आले नाहीत. तुम्ही या."

गल्लीच्या टोकाशी उभा राहून मी विचार करत होतो, हा नकार होता की बोलावणं? आपल्याकडे माणूस नाही म्हणायचं तर इकडचं तिकडचं बोलून म्हणतो. इथे तोंडावर म्हणतात, त्यामुळे त्यात आणखी काही दडलंय का, हे आपल्याला कळत नाही. आडनाव त्यांनी विचारलंच नव्हतं. विचारायची गरज उरली नव्हती, हेही खरं.

टँक शोधत गेलो. फाटकाला साखळी होती. आत निळ्या फरशांचा मोठा हौद, अगदी कोरडा, आणि तळाशी उभी राहून दोन माणसं खराट्याने घासत होती.

"बंद आहे," रखवालदार म्हणाला.

"पोहायला शिकायचंय."

"मग पाणी भरल्यावर या. कोरड्यात शिकून काय करणार?"

परतीच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. सगळे एकमेकांना चिकटलेले आणि सगळे गप्प. वाघोलीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दर रविवारी या वेळी मी रस्त्यावरच्या एसटीडी बूथमधून गावाला फोन करतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या वस्तीजवळच्या किराणा दुकानात येऊन बसलेले असतात.

"खोली भेटली का?"

"पोहायला शिकलं तर देतो म्हणाले."

"कामून? खोलीत पाणी हाय का?"

मी हसलो आणि सगळं सांगितलं. काकांचं, पुराचं, जिन्याचं. पलीकडे तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज येत होता. 

"त्या पोराचा बाप आला व्हता म्हणतोस?"

"हो."

"हं." मग म्हणाले, "मला येतं."

"काय?"

"पव्हणं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाझर तलाव खंदला ना, तो पुढं भरला. आम्हीच खंदलेला, आम्हाला बाहीर कोण काढणार? तिथं शिकलो."

हे मला कधीच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांचा झालो होतो मी.

"मग मला का नाही शिकवलंत?"

"तुला आलं असतं, तर तू विहिरीवर गेला असतास."

मी गेलो असतो. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही मी लहान होतो तेव्हापासून ठाऊक असणार. विहिरीवर गेलेल्या आमच्या पोराचं पुढे काय होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून स्वतःला येणारी एक गोष्ट त्यांनी माझ्यापासून दडवून ठेवली आणि मला शाळेत घातलं.

"आता शीक," ते म्हणाले. "आता कोण अडवतंय तुला?"

बूथच्या काचेतून मला आमची इमारत दिसत होती, बरीचशी अंधारी. अडवणारं खरंच कोणी नव्हतं. काठावर उभं राहून बघणारंही कोणी नव्हतं.

"अण्णा, तुम्हीच या ना शिकवायला."

"मी?" ते हसले, मग एकदम थांबले. आवाज बारीक करून, दुकानातल्यांना ऐकू जाऊ नये तसा, त्यांनी विचारलं, "तिथं समद्यायला उतरू देतात का?"

तलाव मी साखळी लावलेल्या फाटकाबाहेरूनच पाहिला होता, आणि तोही कोरडा.

"देतात," मी म्हणालो.

मग त्यांनी कुठली गाडी धरायची ते विचारलं.