झटकून ये

वंदना गेल्याचा फोन बँकेत आला. काउंटरवर गर्दी होती, मागे पेन्शनवाल्यांची रांग होती, आणि पलीकडून तिचा नवरा म्हणाला, "ताई, वंदना गेली सकाळी. शाळेतलं तुमचंच नाव सांगायची, म्हणून केला फोन." मी रिसीव्हर ठेवला आणि पुढच्या माणसाचं पासबुक भरून दिलं. हात चालत होते. रडू नाही आलं... शिसारी आली. शाळेची, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

ती शाळा भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. दगडी भिंती, कौलारू छप्पर, दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. आमचे बाप तिथेच शिकलेले. अशा शाळेत शिकलो म्हणून आम्ही उगाच कॉलर ताठ करून फिरायचो. मी कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, वंदना नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीतली. तिचे वडील लूमवर कामाला, घर बौद्ध, माणसं कष्टाळू आणि घर लखलखीत. हे लखलखीत मी मुद्दाम लिहिते आहे, कारण शाळेला तिच्याबद्दल एकच गोष्ट दिसायची, तिच्या केसांतली रुई.

आमची शाळा दुपारची. वंदना सकाळी कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते त्या नळीवर सूत गुंडाळायची. तिथून सुटली की घरी भाकरी खाऊन शाळेत. सुतातून उडणारी कापसाची रुई तिच्या वेण्यांत बसायची, भुवयांवर बसायची. अशी मुलं वर्गात आठदहा असतील. पर्यवेक्षक सरांनी त्यांच्यासाठी खास नियम केला होता: वर्गात शिरण्याआधी उंबऱ्यावर उभं राहून डोकं झटकायचं, आणि झटकलं की नाही ते मॉनिटरने बघायचं. मॉनिटर मी. हातात लाकडी पट्टी घेऊन दारात उभी राहायचे आणि म्हणायचे, "झटकून ये." काय तोरा होता माझा! आज आठवलं तरी तोंड धुवावंसं वाटतं.

आमच्याच वर्गात एका लूममालकाचा मुलगा होता. बापाच्या कारखान्यात चक्कर मारून यायचा, त्याच्याही खांद्यावर रुई असायची. तेच सर हसून ती स्वतःच्या हाताने उचलायचे आणि म्हणायचे, लक्ष्मी घेऊन आलास की रे. त्याच्या डोक्यावरची ती लक्ष्मी आणि वंदनाच्या डोक्यावरची ती घाण. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मला तर पट्टी हातात घेऊन अगदी जवळून दिसत होतं. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

वंदनाचा हात मात्र असा होता, की चित्रकलेच्या बाई तिची वही वर्गभर फिरवून दाखवायच्या. कांड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून ती त्यांवर चित्रं काढायची. आठवीत असताना शाळेची इमारत काढली तिने, कौलं, पायऱ्या, आवारातला नळ, सगळं. हेडमास्तरांनी ते चित्र काचेत घालून स्वतःच्या खोलीत लावलं. नववीत ती इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला बसणार होती. तिच्या वडिलांनी अट घातली होती, ती तिने मला मधल्या सुट्टीत सांगितली. चांगल्या ग्रेडने पास झाली तर पुढे शिकवीन, न्हाय तर शाळा बंद आणि पूर्ण वेळ कांडीवर. तिला ड्रॉइंगची टीचर व्हायचं होतं. सगळं त्या दोन दिवसांच्या पेपरांवर होतं, आणि हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पहिल्या दिवशी सकाळी स्थिरचित्राचा पेपर. मालकाने सुट्टी दिली नव्हती, ती पहाटेपासून काम करून तशीच पळत आली होती. मीही परीक्षेला होते. त्या दिवशी मला कुणी दारात उभं केलं नव्हतं, पट्टीसुद्धा हातात नव्हती. सवयीने उभी राहिले. वंदना पायरीवर आली, पॅड काखेत, केस पांढरे झालेले. तिने डोकं झटकलं, पुन्हा झटकलं. थोडी रुई राहिलीच. घंटेला अजून पाच मिनिटं होती. मी म्हणाले, "नळावर जा आणि धुऊन ये."

तिने एकदा नळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पॅड पायरीवर ठेवून नळाकडे गेली.

लूमवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रुई कोरडी असते तोवर झटकली जाते, फणीने विंचरून निघते. पाणी लागलं की तिचा लगदा होतो आणि केसाला चिकटून बसतो. मी भिवंडीत जन्मले, वाढले, आणि मला हे ठाऊक नव्हतं. वंदना परत आली तेव्हा तिच्या दोन्ही वेण्यांवर तो लगदा थापल्यासारखा बसला होता आणि पाणी टपकत होतं. आतून आमचेच पर्यवेक्षक सर आले. तोंड वाकडं करून म्हणाले, हे असलं डोकं घेऊन बसलीस तर दुसऱ्यांच्या कागदांवर पाणी पडेल, आधी सगळं साफ कर. ती व्हरांड्यात ओढणीने पुसत बसली, बोटांनी एकेक गुठळी ओढत बसली. अर्धा तास झाल्यावर नियमाप्रमाणे दार बंद झालं. मी आत, पितळेचा तांब्या आणि दोन वांगी काढत होते. एकदा खिडकीतून बघितलं, मग पुन्हा बघितलं नाही.

एक पेपर बुडला म्हणजे तिची परीक्षाच गेली. मला बी ग्रेड मिळाली. तिची शाळा त्या मार्चनंतर सुटली.

पुढची सतरा वर्षं ती कांडीवर होती, लग्न झालं तरी, मुलगी झाली तरी. मधूनमधून भेट व्हायची, ती नेहमी हसायची आणि मी नेहमी घाईत असायचे. शेवटी छातीच्या आजाराने तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मोसंबी घेऊन गेले. त्या दिवसाचं बोलायचं असं ठरवूनच गेले होते. मी कसंबसं म्हणाले, अगं, पाण्याने चिकटते ते मला खरंच माहीत नव्हतं.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. खोकली, थांबली. "पाणी लागलं का न्हाय निघत. पण तू मॉनिटर होतीस. म्हटलं, शाळेला असंच पायजे असेल..."

माफी मागायची सोडून मी मोसंबी सोलत बसले.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा झाला. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर शाळेची इमारत होती. वंदनाचंच चित्र! कोपऱ्यातली तिची सही रंगाखाली घालवलेली. दिवंगतांच्या यादीत मात्र तिचं नाव होतं, 'आपल्या शाळेची गुणी कलाकार' म्हणून. निवृत्त झालेल्या त्याच पर्यवेक्षक सरांनी ते गहिवरून वाचलं. लोकांनी दोन मिनिटं माना खाली घातल्या. नंतर बटाटेवड्यांवर तुटून पडले. मी वडा तसाच ठेवून बाहेर आले. पण माइक मोकळा होता, आणि मी त्याच्याकडे गेले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

गेल्या रविवारी वंदनाची मुलगी माझ्याकडे आली. आठ वर्षांची आहे, वडिलांबरोबर आली होती. कारखान्यात तिने कधी पाऊल टाकलेलं नाही, आईने टाकूच दिलं नाही. वडील चपला काढत होते. ती उंबऱ्यावर थांबली, फ्रॉकच्या खिशातून आईची लाकडी फणी काढली, दोन्ही वेण्या पुढे घेतल्या आणि मान खाली घालून झटकायला लागली.

"अगं, ये ना," मी म्हणाले. "तशीच ये आत."

"आधी झटकते, मावशी," ती म्हणाली. "आई म्हणायची, कुणाच्या दारात गेलं का आधी झटकायचं."

तिने नीट, मन लावून झटकलं. खाली काहीच पडलं नाही.