मशीन चालतंय, मी नाही

माझ्या भावाची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. वर्ष उलटलं तरी ती बसेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. मेंदूला इजा झाली होती आणि त्यामुळे पायांचे स्नायू ताठ राहणार होते. उभी केली की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे आणि टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. डोकं मात्र तल्लख, आणि तोंड तर त्याहून.

आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीला जातात. मी लग्न केलं नाही, घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे पोरगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. शाळेत नेणं, आंघोळ, कपडे सगळं मीच करायचे. ती आठ वर्षांची झाली तरी मी तिला कडेवर घेऊन जिना उतरायचे. लोक म्हणायचे, "आत्या म्हणजे दुसरी आईच हो." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी रोबोटच्या मदतीने चालण्याचा व्यायाम सुचवला. आठवड्यातून तीनदा, दोन महिने. न्यायला-आणायला अर्थात मीच.

पहिल्या दिवशी ते मशीन बघून मीच दारात थबकले. खाली सरकता पट्टा, वरून लोंबणारे दोर, दोन्ही बाजूंना लोखंडी पाय. मुलीला अंगभर पट्टे बांधून वर टांगायचं, तिचे पाय त्या लोखंडी पायांना जखडायचे आणि मग मशीन तिला चालवणार. पोरीने माझा दुपट्टा घट्ट धरला. "आत्या, घरी चल."

थेरपिस्ट तिशीच्या आतली मुलगी होती, वरळीहून यायची. तिने ना समजूत घातली, ना चॉकलेट दाखवलं. वायरला लावलेलं एक लाल बटण तिने पोरीच्या मुठीत दिलं.

"हे तुझं. दाबलंस की मशीन थांबणार. मला विचारायचं नाही, आत्याला विचारायचं नाही."

"खरंच थांबेल?"

"दाबून बघ ना."

तासाभराच्या त्या वेळात पोरीने बटण अकरा वेळा दाबलं. दोन पावलं झाली की दाब, पुन्हा तीन पावलं झाली की दाब. मशीन थांबायचं, थेरपिस्ट म्हणायची, "ओके, थांबलो," आणि पोरीने मान हलवली की पुन्हा सुरू करायची. कपाळावर एक आठी नाही. बाहेर आणखी मुलं खोळंबली होती. सहाव्या-सातव्या वेळी मीच कातावले, "अगं, पुरे की आता!"

थेरपिस्ट माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "असू द्या हो. तिने थांब म्हटल्यावर कोणीतरी थांबतंय, हे तिला बघू दे."

आठ वर्षांत या पोरीला उचलताना, बसवताना, वळवताना मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या थेरपिस्टचं कौतुक वाटलं आणि मनातून खजीलही झाले.

दुसऱ्या आठवड्यापासून पोरीने बटण दाबणं सोडलं. पट्ट्यांनी जांघेत लाल वळ उठायला लागले, तेव्हा मी थेरपिस्टला विचारून मापं घेतली आणि जुन्या मऊ सुती साडीच्या, आतून दुहेरी अशा, पट्ट्यांवर चढवायच्या गवसण्या शिवून दिल्या. तिने त्या ओढून-ताणून तपासल्या, पट्टा घसरत नाही ना ते पाहिलं, मगच चढवल्या. "बाकीच्या मुलांसाठी पण शिवाल?" म्हणाली. मी आनंदाने शिवल्या.

महिनाभरात पोरगी मशीनवर छान चालायला लागली. एक पाय पुढे, टाच टेकली, मग दुसरा. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून भावाला पाठवायचे. तो ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडला, असं वहिनी म्हणाली. एकदा असंच मी म्हटलं, "बघ, कशी मस्त चालतेस!"

पोरीने समोरच्या आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मी कुठे चालतेय आत्या? मशीन चालतंय. मी नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. थेरपिस्ट मात्र खूश झाली.

"बरोबर पकडलंस! आतापर्यंत मशीन तुझ्या पायांना रस्ता दाखवत होतं. आता त्याची मदत थोडी कमी करते. पण सांगून ठेवते, जड जाणार."

"कर."

तिने काहीतरी आकडा कमी केला. पट्टा तोच, वेग तोच, पण पोरीचा चेहरा बदलला. ओठ आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. तीन पावलं झाली आणि तिचे पाय असे ताठरले की मशीन आपोआप थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा थांबलं. घामाने फ्रॉक पाठीला चिकटला. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून पुढे झाले तशी ती ओरडली, "तू बस तिकडे!" मग थेरपिस्टला म्हणाली, "ताई, परत लाव."

त्या दिवशी अखेर सलग सात पावलं पडली. आधी शेकडो पावलं पडत होती, त्यांपुढे सात म्हणजे काहीच नाही. पण घरी जाताना टॅक्सीत ती मला सांगत होती, "डावा पाय ऐकतो गं. उजवा आगाऊ आहे."

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये ताप आला, आठवडा बुडाला, पाय पुन्हा लाकडासारखे झाले. ती परत तीन पावलांवर आली. थेरपिस्टने मदत थोडी वाढवली, मग पुन्हा हळूहळू उतरवली. दोघींपैकी कोणी कुरकुर केली नाही. कुरकुर करायला मी होतेच.

दोन महिने संपले तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, लांबच्या अंतराला व्हीलचेअर लागणारच. पण वॉकर धरून थोडं थोडं चालता येईल, आणि घरचा व्यायाम सोडायचा नाही. मशीन म्हणजे जादू नव्हे, हे थेरपिस्टनेही पहिल्यापासून सांगितलं होतं.

नंतर एका रविवारी दुपारी पोरीने वॉकर गॅलरीत काढायला लावला. गॅलरीच्या टोकाला शेवटच्या खोलीत मालवणी काकू राहतात. मधे पाच दारं, चपलांचे स्टँड, कोणाचं तरी पिंप. मी चपला बाजूला करायला पुढे धावले.

"राहू दे. मी वळसा घालेन."

मी दोन्ही हात पसरून तिच्या मागे मागे चालले.

"आत्या, हात खाली."

पाच दारं पार करायला तिला वीसेक मिनिटं लागली. दोनदा थांबली, एकदा पिंपाला वॉकर अडला तो मागे घेऊन पुन्हा वळवला. शेजारचे दारात आले होते, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू बांगडे तळत होत्या. दारात वॉकरचा आवाज आला तशा वळल्या आणि झारा हातात तसाच धरून म्हणाल्या, "अगो बाय माझे! चालत इलंस?"

"हो," पोरगी धापा टाकत म्हणाली, "बसू कुठे?"

काकूंनी स्टूल पुढे सरकवलं. ती आपली आपण वळली, मागे हात लावून चाचपलं आणि बसली.

गेल्या महिन्यात ती पडली. ओठ फाटला, दोन टाके पडले. वहिनीने वॉकर माळ्यावर टाकला. तिसऱ्या दिवशी पोरीने बापाला तो काढायला लावला. आता ती रोज संध्याकाळी गॅलरीत दोन फेऱ्या मारते. मी शिवणयंत्रावर बसलेली असते आणि तिने हाक मारली नाही तर उठत नाही. मला ते अजूनही नीटसं जमलेलं नाही.