कालवं आणि कालवा

माझा पाय शाबूत आहे तो मावशींमुळे, हे आधी लिहिते. लोणावळ्यात तुंगार्लीला पाहुण्यांना भाड्याने देतात त्या एका बंगल्यात मी स्वयंपाक करते, मावशी झाडलोट. त्या मावळातल्याच. माझं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. आठवीत शाळा सोडली, पुढे कामासाठी इथे आले.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीला गेले होते. निघायच्या दिवशी ओहोटीला आईबरोबर खडकावर कालवं काढायला उतरले. शिंपल्याच्या धारेनं घोट्याजवळ कापलं. आमच्याकडे अशी जखम खाऱ्या पाण्यातच धुतात. झोंबलं की बरं होतं म्हणतात. मीही पाय पाण्यात धरला आणि दुपारची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सुजला, ताप आला. लोणावळ्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

"कालवं काढताना."

"कालव्याच्या खोदाईवर असतेस होय?"

मी मानेनंच हो म्हटलं. डॉक्टरांची चूक काढायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी जखम धुतली, गोळ्या दिल्या.

दुपारपर्यंत सूज गुडघ्याकडे चढली, जखमेभोवती काळेजांभळे फोड आले. मावशी म्हणाल्या, "डाक्टरच्या कागदावर काय लिवलंय?" मी वाचलं.

"कालवा? तू कवा गं खोदाया गेलतीस? पळी सोडून काय धरलंयस का हातात?"

"कालवा नाही हो, कालवं. समुद्रातली, शिंपल्यातली."

"मंग ह्ये डाक्टरला सपनात दिसनार हाय व्हय? ऊठ!"

दवाखान्याच्या दारातूनच त्या ओरडल्या, "सायेब, हिला समुद्रात लागलंय, समुद्रात!"

डॉक्टर ताडकन उठले. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू जखमेत शिरले तर तासातासाला पसरतात, त्यांना औषध वेगळं लागतं, असं म्हणाले आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सलाइनमधून औषध सुरू झालं, सडलेली कातडी कापून काढली. पाय राहील का, हे दोन दिवस कोणी सांगेना. राहिला. घोट्याशी खळगा आहे, थंडीत ठणकतो.

"तुझ्या कालव्याला पानी आलं का गं?" असं मावशी अजून विचारतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. एकदा त्यांना गावी नेणार आहे. कालवं मी काढीन, पायात बूट घालून. त्यांनी काठावर बसायचं आणि आईच्या हातचं गरम खायचं. त्यांना अजून बोलले नाही, पण हे करणार.