बिननावाच्या ओळीला मामांचं उत्तर

कोल्हापुरात माझ्या गिऱ्हाइकांना मोकळी जागा सोसत नसे. सन दोन हजारच्या आसपास राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेच्या मागच्या खोलीत बसून मी वेबसाइट करून देत असे. एखाद्या दुकानाचं पान हौसेनं मांडावं, मजकुराच्या चारी बाजूंना थोडी हवा ठेवावी, तर मालक स्क्रीनवर बोट टेकवून विचारणार, "हितं काय न्हाय व्हय? भरा की काहीतरी. आनि ते जरा हलतं करा." माझी सुरुवातीची वर्षं स्क्रीनवर पणत्या पेटवण्यात आणि 'सुस्वागतम्' हा शब्द डावीकडून उजवीकडे पळवण्यात गेली. मी चित्रकलेचा डिप्लोमा करून आलेली, माझी तत्त्वं होती, त्यामुळे रागही भरपूर यायचा. घरी येऊन मी ताटावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकांची अक्कल काढत असे. मग एकदा आईच म्हणाली, "दारात आलेल्याला रिकाम्या हातानं कोण पाठवतंय गं? तसंच असंल त्यांचं." वाद घालायला तोंड उघडलं आणि घास तसाच गिळला. तिचं बरोबर होतं. त्यानंतर हलणाऱ्या पणत्यांचा राग कमी झाला, गेला मात्र नाही.

त्याच सुमारास माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. ताई एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. मुलगा गडहिंग्लजकडचा, तिथल्याच कॉलेजात लॅब असिस्टंट. माणसं आपल्यातली, बौद्ध, साधी. आमचा काका मस्कतला होता, त्याला सुट्टी मिळत नव्हती. त्याला लग्न बघता यावं म्हणून मी ताईच्या लग्नाचं एक पान करायला घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक मीच होते. वर बुद्धांचा शांत चेहरा, खाली दोघांची नावं, तारीख, कार्यालयाचा पत्ता, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. कडेला झेंडूची एकच माळ होती, तीही खऱ्या फुलांची. फुलं स्कॅनरच्या काचेवर ठेवून झाकण दाबलं, तेव्हा काच पिवळी झाली आणि कॅफेच्या मालकांनी मला नको नको ते ऐकवलं. पण माळ अशी आली, की हात लावला तर बोटाला रंग लागेल असं वाटावं. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, कौतुक करण्यात हात आखडता. तेसुद्धा म्हणाले, "पत्रिकेपेक्षा बरं दिसतंय."

पानाच्या तळाशी मी शुभेच्छा लिहायला जागा ठेवली. नाव, गाव, पत्ता असलं सगळं विचारलं की लोक अर्ध्यातून पळून जातात, हा तेव्हाच्या आमच्या धंद्यातला धडा होता. म्हणून नाव लिहिणं सक्तीचं ठेवलं नाही. ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं आणि जावं. मला ते फार आधुनिक आणि मोठ्या मनाचं वाटलं होतं.

लोकांनी लिहिलंही. मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर दिसेलच याचा भरवसा नसे, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. काकानं मस्कतहून लिहिलं. पुण्यातल्या भावंडांनी लिहिलं. गल्लीतली माणसं कॅफेत येऊन, खुर्चीवर नीट बसून, एकेक अक्षर शोधत लिहून गेली. एका काकूंनी तर जेवणात काय काय असणार, अशी थेट चौकशी केली होती. मी ते रोज बघायचे आणि खूश व्हायचे.

पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यांवर पानाचा पत्ताही छापला होता. एका दुपारी पान उघडलं तर शेवटी एक ओळ होती. नावाची जागा रिकामी. "पावणं, पोरीचा पहिला साखरपुडा का मोडला ते इचारलंय का?"

आणि ते खरं होतं. आधीच्या वर्षी ताईचा एका ठिकाणी साखरपुडा झाला होता. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असं त्या मुलानं नंतर सांगितलं, तेव्हा ताईनं अंगठी परत पाठवली. यात ताईचं काय चुकलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. पण मोडलेला साखरपुडा म्हणजे मुलीत काहीतरी खोट, एवढंच लोकांना कळतं, असं आईवडिलांना वाटे. म्हणून नव्या स्थळाला ते सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मलाही तंबी होती. ताईशी या विषयावर कुणी काही बोललं नव्हतं; तो विषय घरात निघतच नसे.

मी ती ओळ ताबडतोब लपवली. माझ्याकडे ती सोय होती, लिहिलेलं पुसून न टाकता नुसतं दिसेनासं करण्याची. घरी येऊन आईवडिलांना सांगितलं. ताई ड्युटीवर होती. वडील पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, "किती जणांनी बघितलं आसंल?" गल्लीत कुणी काही बोललं तर कुणी ऐकलं याचा अंदाज तरी येतो. इथं मस्कतपासून गडहिंग्लजपर्यंत सगळं जग कान लावून बसलं आहे, असं मला वाटायला लागलं.

ती ओळ कुठल्या मशीनवरून आली ते काढायचा प्रयत्न करता आला असता. पण तो माग बहुतेक आमच्याच कॅफेत येऊन थांबला असता, आणि मग तिथं बसणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या पाठीकडे मी संशयानं बघत बसले असते. मी काढलं नाही. त्याबद्दल स्वतःला आजही शाबासकी देते.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आम्ही बहिणी त्यांना मामा म्हणायचो. ते एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. जन्म इंजिनाच्या आवाजावर बोलण्यात गेल्यामुळे फोन कानापासून लांब धरला तरी चाले. "उद्या येतोय," ते म्हणाले. "पोरीचं ते कम्प्युटरवरचं काय हाय, ते बघायचं हाय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आई त्या दिवशी जेवली नाही. ताईला फक्त एवढंच सांगितलं, की मामा पान बघायला येणार आहेत. ती "बरं" म्हणाली आणि डबा घेऊन ड्युटीला गेली.

मामा सकाळच्या गाडीनं आले ते घरी न येता थेट कॅफेत. वडील आधीच येऊन उभे होते. "जयभीम, जयभीम" झालं. चहा नको म्हणाले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, चष्मा चढवला आणि पान वरपासून खालपर्यंत बघितलं. झेंडूपाशी थोडे थांबले. मग म्हणाले, "ते कुठं हाय?"

"काय, मामा?"

"माझ्या पुतण्यानं पुण्यात वाचलंय. साखरपुड्याचं."

मी म्हणाले, "मी काढून टाकलंय."

"परत लाव."

"मामा, कशाला उगीच..."

"लाव म्हंतोय न्हवं! प्रश्नच न्हाय दिसला तर उत्तर कुणाला द्यायचं?"

मी ती ओळ परत दिसती केली. लग्न मोडल्याचं ते आता इथं, सगळ्या जगासमोर माझ्याकडूनच लिहून घेणार, याची मला खात्री झाली होती. मामांनी खाकरून घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. कॅफेत आठ-दहा माणसं असतील, सगळ्यांच्या माना वळल्या.

आधी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग गाव, तालुका, जिल्हा. "आलं? आता लिव. मी नवऱ्या मुलाचा बाप. पहिला साखरपुडा मोडला ही गोष्ट खरी हाय. मुलीनं सोताच आमच्या मुलाला सांगितली, बघायला गेलतो त्याच दिवशी. आमाला सगळं म्हायती हाय..."

माझी बोटं थांबली. मी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी माझ्याकडे.

"लिव की! थांबलीस का?" मामा ओरडले. "लिव. मुलगी आमाला पसंत हाय. ज्यानं कुणी हे लिवलंय, तेनं लग्नाला अगत्यानं यावं, आपलं नाव सांगावं आनि पोटभर जेवून जावं. झालं."

मी लिहून पाठवलं. पान पुन्हा उघडून त्यांना दाखवलं. ते नाराजच दिसले. त्यांच्या मानानं अक्षरं बारीक होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि हे बघ पोरी. मांडवात आहेराचा पुकारा करताना आदी नाव सांगत्यात, गाव सांगत्यात, मग आहेर. माईक कुणाच्या बी हातात देत न्हाईत. तू दिलास व्हय?"

मी मान खाली घातली, पण हसू आवरत नव्हतं. छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा आणि आपण पहिला श्वास घ्यावा, तसं झालं होतं. वडील पुढं झाले. ते म्हणाले, "पावणं, आम्ही तुमाला सांगाय पायजे होतं."

"तुमाला अवघड वाटत आसंल म्हणून आमी बी इचारलं न्हाय," मामा म्हणाले. "आता चहा सांगा."

त्यानंतर मी अनेक साइटी केल्या. शुभेच्छा असोत की तक्रार, नाव आणि गाव लिहिल्याशिवाय मी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. धंद्यातले लोक म्हणायचे, बाई, लोक लिहायचेच थांबतील. काही थांबलेही. पुढं सगळीकडे खोट्या नावांचा सुळसुळाट झाला, माणसं आडून दगड मारायला शिकली, तेव्हा मी नव्या कुठल्याच उपायाच्या मागं लागले नाही. खोटं नाव घेणारा घेतोच, हे मलाही कळतं. पण खोटं गाव लिहिताना आमच्याकडच्या माणसाची बोटं जरा अडखळतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

त्या दिवशी मामा जेवून परत गेले आणि संध्याकाळी ताई ड्युटीवरून आली. आईनं तिला उंबऱ्यातच धरलं. आधी मिठी मारून रडली, मग चिडली. "आगं, तू सांगून बसलीस आनि आमाला एका शब्दानं बोलली न्हाईस? आमी हितं जीव मुठीत धरून बसलोय!"

ताईनं पर्स खुंटीला अडकवली, पायरीवर बसून पाय धुतले. मग आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. रागानं नव्हे, जरा दमल्यासारखं.

"सांगायचं न्हाय, हे तुम्ही ठरवलंत. मला कुठं विचारलंत?" ती म्हणाली. "ते लपवून मी तिथं नांदणार होते व्हय? ती माणसं बघून गेली, त्याच रात्री मला गाढ झोप लागली. जागे तुम्हीच होता."