साडेआठ हजाराचं माप

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मापमास्तर म्हणत. गिऱ्हाईक दारात दिसलं की टेप लावायच्या आधीच मास्तर कंबर सांगणार, आणि अंदाज चुकलाच तर "तुम्ही दम रोखून उभे आहात" असं गिऱ्हाइकालाच सुनावणार. तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून काजं-बटणं करणारी बायको तेव्हा सुईत दोरा ओवण्यात फार गुंग असायची.

मुलगी परदेशात नोकरीला. तिने दोघांची तिकिटं पाठवली आणि फोनवर सांगितलं, "बाबा, अंतर साडेसात हजार किलोमीटर. साडेनऊ तासांत पोचाल."

मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. साडेआठ हजार! पुन्हा लावली. तेवढंच.

"हजार किलोमीटर कमी सांगतायत," त्यांनी जाहीर केलं. "पावणेअकरा तासांच्या आत पोचलो तर माझं नाव बदला."

विमानात समोरच्या पडद्यावर मार्ग उमटला आणि मास्तर ताठ झाले. विमान सरळ जायचं सोडून धनुष्यासारखं उत्तरेकडे वळलं होतं. त्यांनी हवाईसुंदरीला बोलावून घेतलं.

"पायलट वाट चुकलाय."

"नाही आजोबा, हाच जवळचा रस्ता आहे," ती हसून म्हणाली आणि पुढे गेली.

"तुम्हाला आजोबा म्हणाली," बायको म्हणाली.

"तो मुद्दा नाही! वळसा घालून रस्ता जवळचा होतो का कधी?"

जेवणाबरोबर एकेक संत्रं आलं. बायकोने आपलं हातात घेतलं, देठाच्या जरा खाली, या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, नखाने खूण केली.

"टेप द्या इकडे."

मास्तरांच्या खिशातून टेप निघाली. बायकोने ती आधी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत आडवी, कंबरपट्ट्यासारखी फिरवली. अडीच इंच. मग त्याच खुणांमध्ये देठावरून नेली. पावणेदोन.

"पृथ्वी म्हणजे काय कापडाचा तागा आहे, टेबलावर पसरायला?" ती म्हणाली. "गोल अंगाचं माप सपाट घेतलंत. नवशिक्यासारखं!"

मास्तरांनी स्वतः तीनदा मोजून पाहिलं. मग ते संत्रं सोललं, शिरा न् शिरा काढली आणि सगळ्या फोडी बायकोच्या ताटलीत ठेवल्या. हार मान्य करायची त्यांची ही एवढीच पद्धत होती.

नऊ तास पंचवीस मिनिटांनी विमान उतरलं. मुलगी बाहेरच उभी होती. तिने दोघांना एकदम कवेत घेतलं, तेव्हा मास्तरांचा चष्मा तिच्या केसांत अडकला आणि कुणालाच तो सोडवायची घाई नव्हती.

गाडीत बसल्याबसल्या आईने संत्र्याची गोष्ट सुरू केली. अर्ध्या वाटेत गोष्टीत तिच्याभोवती सगळे प्रवासी गोळा झाले होते. घर येईपर्यंत खुद्द पायलट विमान सोडून बघायला आला होता.

"खरंच, बाबा?" मुलीने विचारलं.

"टोपी काढून उभा होता," मास्तर म्हणाले.