कपाटातला बिल्ला

वॉर्डात बेवारस दिसलेली कुठलीही वस्तू ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उंच धरायची आणि विचारायची, "हे कोनाचं हाय?" चप्पल असो, थर्मामीटर असो, कुणाचा उष्टा पेला असो. अशी एक सिस्टर तुम्हीही कुठल्या ना कुठल्या इस्पितळात पाहिली असेल. आमची सिस्टर मात्र मालक सापडेपर्यंत हात खाली घ्यायची नाही.

एकदा चिखलदऱ्याकडच्या एका म्हातारीला घरच्यांनी व्हरांड्यात सोडलं आणि ते पसार झाले. सिस्टरने म्हातारीचा हात धरून वर केला. "हे कोनाचं हाय?" कोणी बोलेना. "मंग माही," ती म्हणाली आणि तिला भरवायला बसली. मी तिथे कंपाउंडर होतो. भरवलेला डबा माझा होता, हे मला नंतर कळलं.

साठ सालानंतर अमरावतीच्या आमच्या त्या इस्पितळात रेडियम आलं. गर्भाशयाच्या कर्करोगावर वापरायच्या सुया, शिशाच्या पेटीत ठेवलेल्या. पेटीजवळ जायला कोणी तयार नव्हतं. इस्पितळाचे प्रमुख, आमचे मोठे डॉक्टर, एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी तीच पुढे झाली. "कोनाचंच नाही? मंग माहं."

त्या सुयांच्या बारीक नेढ्यात रेशमी दोरा ओवावा लागे. त्यासाठी लांब चिमटे मागवले होते, ते कधी आलेच नाहीत. ती बोटांनीच ओवायची.

मुंबईहून केंद्र सरकारच्या खात्याने तिच्या नावाने एक बिल्ला पाठवला. त्याच्या आत फिल्म. तो छातीवर लावून काम करायचं, आणि महिन्याने फिल्म मुंबईला गेली की अंगावर किती किरण पडले ते कळायचं. सोय चांगली होती. मोठ्या डॉक्टरांनी पोचपावतीवर सही केली आणि बिल्ला लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. सरकारी वस्तू, हरवली तर जाब कोण देणार? पाहुण्यांसाठी जपलेले कप फडताळातच राहतात, तसा तो बिल्ला तिथे राहिला. महिना भरला की शिपाई आतली फिल्म काढून मुंबईला पाठवायचा, नवी घालायचा, बिल्ला फडक्याने पुसायचासुद्धा. दर महिन्याला मुंबईहून रिपोर्ट यायचा: किरण शून्य, समाधानकारक. मोठे डॉक्टर तो रिपोर्ट कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे. माझं डोकं फिरायचं.

मग मुंबईहून तपासणीला एक साहेब आले. सिस्टरने आडपडदा ठेवला नाही. "साहेब, बिल्ला कपाटात हाय अन् रेडियम मी हाताळून राहिले. कपाटाले काय रोग होनार हाय?"

साहेब गोरेमोरे झाले. माणूस भला होता. "बिल्ला लावायलाच हवा," ते म्हणाले, "पण आम्ही फक्त सल्ला देऊ शकतो. इस्पितळ राज्याच्या अखत्यारीत येतं."

पुढे राज्याचे अधिकारी नागपूरहून आले. त्यांनी चादरी पाहिल्या, मोरीत फिनाईल आहे का ते हुंगलं. सिस्टरने त्यांनाही तेच सांगितलं. "रेडियम केंद्राकडे," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

"रेडियम केंद्राचं, इस्पितळ राज्याचं," सिस्टर म्हणाली. "मंग मी कोनाची?"

अधिकाऱ्यांनी साखर जरा कमी आहे म्हणून सांगितलं.

तिची तीच दोन बोटं बिघडली. आधी कातडी सुकली, मग भेगा पडल्या, नखं काळी झाली, जखम भरेना. भाकर मोडता येईना. अकोल्याच्या सर्जनने तर्जनी काढून टाकली. हा आजार कामामुळे झाला आहे, तेव्हा उपचाराचा खर्च आणि पेन्शन मिळावी, असा तिने अर्ज केला. उत्तर आलं: बिल्ल्याचे रिपोर्ट पहिल्यापासून शून्य आहेत, सबब आजाराचा रेडियमशी संबंध नाही, साबण बदलून पाहावा. ज्या बिल्ल्याने तिला सांभाळायचं, त्याच्याच साक्षीने तिला खोटं पाडलं.

ती बाळापूरला भावाकडे निघाली. बडनेरा स्टेशनवर मी पोचवायला गेलो. गाडी सुटता सुटता तिने डाव्या हाताने खिडकीतून एक छत्री बाहेर धरली. "हे कोनाचं हाय?"

"माझी, सिस्टर."

"मंग सांभाळा, भाऊ."

जखमेचा कर्करोग झाला होता, तो काखेपर्यंत चढला. बाळापूरलाच ती वारली. कळलं तेव्हा मी औषधाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि रडलो.

तिच्या जागी आलेल्या सिस्टरच्या नावाने बिल्ला मागवायची तसदी कोणी घेतली नव्हती. जुनाच चालू होता. महिन्याभरात मुंबईहून पाकीट आलं. आमच्या सिस्टरचं नाव आणि खाली: किरण शून्य, समाधानकारक.

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर तो बिल्ला पडला होता. मी तो दोन बोटांच्या चिमटीत उंच धरला. "हे कोनाचं हाय?"

डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. "कपाटात ठेवा," ते म्हणाले.