बाबांनी माझ्या साहेबांना पुण्याला जाऊ दिलं नाही

माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. मधे तीनदा बढती आली. बढती घेतली की बदली होते, म्हणून तिन्ही वेळा त्यांनी हात जोडून नको म्हटलं. निरोप समारंभात सगळ्यात टवटवीत चेहरा त्यांचाच होता.

मी नेमकी उलटी. मिहानच्या आयटी वसाहतीतल्या कंपनीत सगळ्यांच्या आधी पोचायची, रविवारीही लॅपटॉप उघडायची. माझे साहेब मोठ्या पदावर पुण्याला जाणार होते आणि त्यांची खुर्ची मला मिळणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात कंपनीनं आईवडिलांना ऑफिस दाखवायला आणण्याचा दिवस ठेवला. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटे बाबा आले, इस्त्रीचा सफारी घालून. आल्या आल्या ते एका मऊ बीन बॅगवर बसले आणि त्यात रुतले. हात द्यायला साहेब धावले, तर तेही शेजारच्या बॅगेत रुतले. आता दोघांनाही उठता येईना, त्यामुळे गप्पा सुरू झाल्या. पुण्याचा विषय निघाला तसं बाबांनी विचारलं,

"पुण्याले काहून जाऊन राहिले, साहेब?"

"बढती आहे ना, काका."

"ते समजलं. पण काहून?"

हे साहेबांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"इथून घरी पोचाले किती वेळ लागते तुम्हाले?"

"वीस मिनिटं."

"अन् तिथं?"

"दीड तास तरी..."

"मंग पोरं जागी भेटतीन का?"

मी समोर समोशांची प्लेट घेऊन उभी होते. बाबांनी गप्प बसावं म्हणून डोळे मोठे करत होते. त्यांना वाटलं, समोसा घ्या म्हणतेय. त्यांनी घेतला. एक साहेबांनाही दिला.

सोमवारी साहेबांनी पुणं नाकारलं.

मी घरी येऊन पर्स आदळली. "बाबा, त्यांची खुर्ची मला मिळणार होती!"

"असं का?" बाबा म्हणाले. "मले आधी सांगाचं ना वं. त्याले जा म्हटलं असतं."

चार दिवस मी बाबांशी बोलले नाही. हे त्यांच्या पाचव्या दिवशी लक्षात आलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. जागा रिकामी राहिली आहे, तुम्ही याल का? प्रश्न पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हटलं. आमचं जुनं ऑफिसही त्याच पदाच्या हाताखाली होतं; अशा रीतीनं मी माझ्या साहेबांची साहेब झाले.

पुण्याचं काम मला मनापासून आवडतं. दमते, पण आवडतं. फक्त व्हिडिओवरच्या बैठकीत साहेबांच्या मागे अधूनमधून आमच्याच स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी दिसते, आणि आईचा आवाज येतो, "साहेब, अजून अर्धी भाकर वाढू का?" मग साहेब घाईघाईनं माइक बंद करतात. मी विचारलं तर म्हणाले, "काका सोडतच नाहीत."

यंदा त्यांचा वार्षिक फॉर्म माझ्याकडे आला. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' या प्रश्नापुढे एकच शब्द होता: इथेच.

मी फोन केला. "साहेब, एका शब्दानं नाही चालत. निदान एक ओळ तरी लिहा."

त्यांनी दुरुस्त करून पाठवलं: 'इथेच, पण खिडकीजवळ.'

मी सही केली, आणि खिडकीजवळची जागाही दिली.